पेपर टाका एखादा

“त्याच्या सीटवर पेपर टाका एखादा. गुरातला माणूस हाये.”

आबा हे बोलले तेव्हा मी जालन्याच्या एका शोरूममध्ये कोऱ्या गाडीचं दार उघडून उभा होतो. एक पाय आत, एक पाय बाहेर. गाडी बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. वर छताला दिव्यांची रांग, खाली आरशासारखी फरशी. फरशीत माझाच चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर घाईघाईनं पसरत चाललेलं हसू.

टाय लावलेला सेल्समन लगबगीनं गेला. टेबलावरचा पेपर उचलून त्यानं तो ड्रायव्हरच्या सीटवर अंथरला. हातानं सारखाही केला. सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतंच. प्लास्टिकवर पेपर. पेपरवर मी.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी वर बोललोसुद्धा, “बराबर हाये, आबा. म्हशीचा वास जातो व्हय एवढ्यात?”

हा माझा जुना गुण. माझ्यावर कुणी विनोद केला की मी त्यात पदरची दोन वाक्यं घालतो आणि वाढवून परत देतो. समोरच्याला मेहनत पडू नये म्हणून.

वास होता, हे खरं. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. परतूर तालुक्यातल्या पाच-सहा गावांची गुरं माझ्याकडं. लोक डॉक्टर म्हणतात. मी काही पदवीचा डॉक्टर नाही, पण म्हशींनी आजवर तक्रार केलेली नाही. त्या दिवशी सकाळी एक म्हैस अडली होती. रेडकू आडवं. खांद्यापर्यंत हात घालून ते फिरवलं, ओढून काढलं, म्हैस वाचली, रेडकू वाचलं. हौदावर हात धुतले. घरी जाऊन आंघोळ करतो म्हणालो, तर म्हशीचा मालक म्हणाला, “राहू दे रे, चल. उशीर होऊन राह्यला.”

म्हैस आबांचीच होती. मालक म्हणजे आबाच.

म्हणजे त्या सीटवर जो वास बसणार होता तो आबांच्या गोठ्यातला होता. आबाही त्याच गोठ्यातून निघाले होते. त्यांच्या पायात चामडी चपला, आणि उजव्या टाचेला वाळलेलं शेण. मला दिसत होतं. फरशी आरशासारखी होती, तिलाही दिसत असणार. आबा मागचं दार उघडून आत बसले. त्यांच्याखाली पेपर कुणी टाकला नाही.

हे मला तेव्हा कळलं का? कळलं. आत कुठं तरी टोचलंसुद्धा. मग मी ते म्हशीच्या खात्यावर टाकलं आणि मोकळा झालो.

आता आबांना सोबत नेलंच कशाला, हे विचाराल. बायकोनंही हेच विचारलं होतं.

आमच्याकडं मोठी वस्तू घ्यायला एकटं जात नाहीत. बैलजोडी असो, ट्रॅक्टर असो, पोरीचं स्थळ असो. सोबत एक वजनाचा माणूस लागतो. दुकानदार आधी त्या माणसाकडं बघतो आणि मग तुमच्याकडं. काही वेळा तुमच्याकडं बघायचं राहूनही जातं. आबा आमच्या गावचे माजी सरपंच. गावातली निम्मी मोसंबी त्यांची. शोरूमचा मालक त्यांच्या मेव्हण्याच्या उठण्या-बसण्यातला. नव्या गाडीला मोठं वेटिंग होतं. आबा म्हणाले, “आपली वळख हाये. तुला जल्दी मिळवून देतो.”

मी सरकारी नोकरीत. पगार वेळेवर होतो. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं. मला कुणाच्या वजनाची गरज नव्हती. पण सवय असते ना. आमच्या वस्तीतून निघालेला माणूस शिकतो, नोकरीला लागतो, चष्मा लावतो, आणि मोठ्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी गेला की मागं वळून बघतो, कुणी सोबत आहे का.

बायको म्हणाली, “तुम्ही आबाची गाडी घ्यायला चाललात. घेऊन या. मी न्हाई येत.”

मी म्हणालो, “तुला व्यवहार कळत न्हाई.”

माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांच्या आधी हे वाक्य हमखास येतं.

तर पेपरवर बसून मी गाडी चालवून पाहिली. जालन्याबाहेर, लोखंडाच्या कारखान्यांच्या रस्त्यानं. टायवाला माझ्या शेजारी बसला होता, पण मान पूर्ण मागं वळवून. त्याचा कान तेवढा मला दिसत होता.

“साहेब, ही धड मोठी एसयूव्ही नाही आणि छोटी हॅचबॅकही नाही. क्रॉसओव्हर म्हणतात हिला. दोन्हींच्या मधली. उंची मोठ्या गाडीची, अंग छोट्या गाडीचं. खड्ड्यात टेकत नाही, गल्लीत अडकत नाही.”

दोन्हींच्या मधली. मला ती लगेच आवडली. गोठ्यात डॉक्टर आणि गोठ्याबाहेर अरे-तुरे, असा मी. आमचं जमणार होतं.

“साहेब, ड्रायव्हरला सांगा ना, जरा पळवू दे. पिकअप बघा,” टायवाला मागं बघून म्हणाला.

आबा म्हणाले, “पळव रे.”

मी पळवली.

“साहेब, आता ब्रेक मारायला सांगा.”

“ब्रेक मार रे.”

मारला. आबांचं डोकं माझ्या सीटवर आपटलं असतं तर या गोष्टीत थोडा तरी न्याय आला असता. पण ब्रेक उत्तम होते. आपटलं नाही.

मग टायवाल्यानं छताची काच उघडून दाखवली. आबा उभे राहिले आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं. लोखंडाच्या धुराड्यांकडं बघत, टोपी हातानं धरून. मी खाली गाडी चालवत होतो, माझ्या मागं आबांचे पाय. पुढचे चार किलोमीटर मी माझ्या होणाऱ्या गाडीत आबांची मिरवणूक काढली.

परत आल्यावर फॉर्म भरायला घेतला. आबांनी माझं नाव सांगितलं. टायवाला हसून म्हणाला, “नाही साहेब, ड्रायव्हरचं नको. मालकाचं नाव सांगा.”

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “अरे, मालकच हाये त्यो! आमच्याच गावचा. गुराचा डॉक्टर.”

टायवाला कानापर्यंत लाल झाला. हात जोडून म्हणाला, “सॉरी साहेब.”

आबांना म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आबांनी मोठ्या मनानं त्याला माफ केलं. “असू दे, असू दे.”

माझ्या वतीनं. मीही मान हलवली, असू दे, असू दे.

घरी आलो तर माय ओट्यावर तूर निवडत बसली होती. माय सत्तरी ओलांडलेली. उजवा हात कोपरात वाकडा, पूर्ण सरळ होत नाही. जन्माचं नाही ते. त्याची गोष्ट पुढं येते.

मी मायला मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला. विचारलं, “पुढं किती जण बसतेत?”

“दोघं. एक चालवणार, एक शेजारी.”

“मंग मला पुढं बसव. एवढंच. बाकी तुझी गाडी, तुझी हौस.”

मायनं आजवर माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी मोठा दिलदार होऊन म्हणालो, “माय, पुढची सीट तुझीच. शोरूमपासून घरापर्यंत.”

“अन् रंग?”

“निळा.”

माय हसली. निळा का, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. विहाराच्या झेंड्याचा निळा. मी विशीत असताना गळ्यात घेऊन फिरलो तो निळा.

दुसऱ्यांदा गेलो, बुकिंगचे पैसे भरायला, तेव्हा मी काळजी घेतली. दोनदा आंघोळ केली. नवा शर्ट. अत्तराचा फाया कानात. आबांच्या शेजारी एसटीत बसलो तर पुढच्या बाईनं मागं वळून बघितलं, एवढा वास. शोरूममध्ये गेलो. टायवाला म्हणाला, “गाडीत बसून बघा एकदा, नवे सीट कव्हर टाकलेत.”

मी दार उघडलं. आबा सोफ्यावरूनच म्हणाले, “पेपर टाका एखादा.”

वर न बघता म्हणाले. चहा पिता पिता. कुत्रं दारात आलं की आपण न बघता हाड म्हणतो, तसं. आणि टायवाल्यानंही न विचारता टाकला.

मी अत्तर लावून पेपरवर बसलो. आता म्हैस नव्हती. आता मला म्हशीवर ढकलता येत नव्हतं. तरी मी काय केलं? पेपर वाचायला घेतला. मांडीखालचा कोपरा ओढून. सगळे पुन्हा हसले. सांगितलं ना, मला विनोद जमतो.

मग रंग. टायवाल्यानं रंगांचा तक्ता पुढं केला. मी निळ्यावर बोट ठेवलं. आबांनी माझं बोट उचललं. खरंच उचललं, दोन बोटांच्या चिमटीत धरून, आणि पांढऱ्यावर ठेवलं.

“पांढरी घे. निळी घेतली की लोकं लांबूनच वळखतील. तुला गावोगाव हिंडायचं हाये, चार घरी जायचं हाये. कशाला पाटी लावून हिंडतो?”

मायेनं म्हणाले. हे सगळ्यात वाईट. माझ्या भल्यासाठी म्हणाले.

मी टायवाल्याला म्हणालो, “पांढरी करा. निळ्यावर धूळ लई दिसते.”

धूळ. हे कारण मी कुठून काढलं मला माहीत नाही. पांढऱ्यावर जास्त दिसते, हे आता रोज पुसताना कळतं.

घरी मायनं विचारलं, “निळी म्हणला होता ना?”

“वेटिंग होतं निळ्याला.”

माय तूर निवडत राहिली. तिला खडा बरोबर दिसतो.

गाडी मिळायची त्या दिवशी माय पहाटे उठली. मी उठून बघतो तर न्हाणीच्या दगडावर बसून टाचा घासत होती. वजरीनं. आमच्याकडच्या बायका सणाला घासतात तशा. वाकड्या हातानं पाय धरता येत नव्हता, तर डाव्यानं वजरी, आणि पाय भिंतीला टेकवलेला.

“काय करून राह्यली गं?”

“नवी गाडी घाण व्हायची.”

टाचा लाल होईपर्यंत तिनं घासल्या. मग पांढरी कोरी साडी नेसली. बायको तिच्या बोलण्याप्रमाणे घरीच राहिली. आम्ही तिघं जालन्याला गेलो. मी, माय, आबा.

शोरूममध्ये गाडीवर लाल मखमली कापड झाकलेलं होतं. ते ओढायचं, टाळ्या वाजवायच्या, पुठ्ठ्याची परातीएवढी किल्ली हातात धरून फोटो काढायचा, असा तिथला रिवाज. टायवाला म्हणाला, “साहेब, या ना,” आणि कापडाचं टोक आबांच्या हातात दिलं. आबांनी ओढलं. टाळ्या. मीही वाजवल्या. फोटोत आबा मधोमध, किल्ली त्यांच्या छातीवर, किल्लीचा एक कोपरा मी धरलेला. तो फोटो माझ्याकडं आहे. माय त्यात नाही. ती पेढ्यांचा बॉक्स सांभाळत फोटोवाल्याच्या मागं उभी होती. फोटोवालाच तिला म्हणाला होता, “मावशी, जरा बाजूला.”

मग निघायची वेळ झाली. आबांनी पुढचं दार उघडलं आणि बसले. कुठं बसू म्हणून विचारलं नाही, कारण त्यांना प्रश्नच पडला नव्हता. माय दाराच्या दिशेनं दोन पावलं आलेली होती. ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं.

एवढीच ती जागा होती. तिथंच बोलायचं होतं. आबा, मायला पुढं बसायचंय. पाच शब्द असतील नसतील.

मी गाडीच्या पुस्तिकेत काही तरी महत्त्वाचं असल्यासारखं तिच्यात डोकं घातलं.

माय वळली आणि मागच्या दाराशी गेली. आबांनी पुढून काच खाली केली आणि टायवाल्याला सांगितलं, “मागच्या सीटवर पेपर टाका एखादा. म्हातारी बसून राह्यली.”

टायवाल्यानं टाकला. माय त्याच्यावर बसली. पांढरी साडी गुडघ्याशी गोळा करून, घासलेल्या टाचा जवळ घेऊन.

मी गाडी सुरू केली. आवाज येत नाही तिचा. फार शांत गाडी आहे. जाहिरातीत सांगतात ते खरं आहे. म्हणूनच मागचा आवाज ऐकू येत होता. खड्डा आला की पेपर चुरचुर वाजायचा. वळण आलं की चुरचुर. माय जरा हलली की चुरचुर.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा मागं चालल्या होत्या. आबांनी सीट मागं पाडली, मायच्या गुडघ्यांना टेकेपर्यंत. फोन लावला.

“हां, निघालो. गाडी आधी आपल्या दारात येईन. नारळ काढून ठेवा, ओवाळायचं ताट ठेवा. मंग जाऊ द्या त्याला त्याच्या वस्तीत.”

आमच्या गावात ही पद्धत आहे. कुणाचीही नवी गाडी असो, आधी आबांच्या दारात जाते. आबा नारळ फोडतात, मग मालक घरी नेतो. बौद्ध वस्तीत नारळ फोडत नाहीत, हे आबांना ठाऊक आहे. पण नारळ आमच्यासाठी नसतोच. तो गाडी कुणाच्या दारात आधी उभी राहिली हे गावाला ऐकू जावं म्हणून असतो.

चुरचुर.

आणि मला पोतं आठवलं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. माय आबांच्या गोठ्यात शेण काढायला जायची. तेव्हा आबांचे वडील होते, आबा विशीतले. एका गायीनं मायला भिंतीशी दाबलं. कोपर मोडलं. हाड कातडीखालून वर आलेलं मी पाहिलंय. परतूरच्या दवाखान्यात न्यायला आबांची जीप निघाली. पुढं ड्रायव्हर आणि आबा. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस सहज बसला असता. माय मागं, पेंडीच्या पोत्यांमध्ये, मी तिच्याजवळ. ती चढायला लागली तेव्हा आबांचा आवाज आला होता, “पोतं टाका खाली एखादं. मंग बसवा.”

सगळा रस्ता मायनं चांगल्या हातानं जीपचा दांडा धरला होता. गचका बसला की तोंडातून आवाज यायचा. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेतून मधली मोकळी जागा दिसत होती. तिनं ती बघितली होती. चाळीस वर्षं ती डोक्यात ठेवली होती. आणि फोटो बघून विचारलं होतं, पुढं किती जण बसतेत?

मी चाळीस वर्षांत त्या पोत्याचा पेपर केला होता. एवढीच माझी प्रगती. आणि गाडी माझी होती.

वाटूर फाट्यावर मी गाडी बाजूला घेतली. चहाच्या हॉटेलासमोर. इंजिन बंद केलं.

आबा म्हणाले, “बरं केलं. चहा सांग. साखर कमी.”

“आबा, उतरा.”

“इथंच आणायला सांग की. उतरायचं काहून?”

“चहाला न्हाई. मागं बसा. माय पुढं बसणार हाये.”

आबा हसले. मी हसलो नाही. त्यांना ते सवयीचं नव्हतं. वाट बघितली त्यांनी, मी पदरची दोन वाक्यं घालेन म्हणून.

“डोस्कं फिरलं का तुझं?”

“फिरलं. उतरा. अन् मागं बसताना तो पेपर राहू द्या खाली. तुमच्या टाचेला शेण हाये. पयल्या दिवसापासून बघून राह्यलो.”

आबांनी टाचेकडं बघितलं. माणूस बघतोच. मग चेहरा काळाठिक्कर पडला.

“ही गाडी तुला कुणी मिळवून दिली?”

“तुम्ही. तिथंच चुकलं माझं. मागायला नको होती.”

“एका गाडीनं एवढा चढला? तुझी माय आमच्या गोठ्यात शेण काढत होती, इसरला का?”

“इसरलो होतो,” मी म्हणालो. “बिलकुल इसरलो होतो. आताच आठवलं. तिचा हात तिथंच मोडला. अन् तुमच्या जीपमध्ये मधली जागा रिकामी होती.”

स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. वीरबीर नव्हतो मी. हॉटेलातली माणसं बघायला लागली होती. त्यातल्या दोघांच्या गायी मी वाचवलेल्या. कुणी जागचं हललं नाही.

आबा उतरले. मागं बसले नाहीत. ते बसणार नाहीत हे मला माहीत होतं. दार एवढ्या जोरात लावलं की नवी गाडी हलली. “गावात ये तू,” म्हणाले आणि फोन काढून हॉटेलाकडं गेले.

मी पुढून फिरून पलीकडं गेलो. पुढचं दार उघडं धरलं. चाळीस वर्षांचं काही तरी मी आता फेडणार होतो. मला वाटत होतं माय रडेल. मला वाटत होतं मीही रडेन.

“माय, चल. पुढं ये.”

माय जागची हलली नाही.

“न्हाई.”

“काहून?”

“शोरूमच्या दारात म्हणला असतास तर बसले असते. दोन पावलं आल्ते मी. तू पुस्तक वाचत बसला.”

“चुकलं माझं.”

“आता आबा उतरला म्हून ती जागा रिकामी झाली. रिकामी झालेली जागा मला नको. माझी म्हणून ठेवलेली पायजे होती.”

मी दार धरून उभा. मागून ट्रक हॉर्न देत गेले. मायनं स्वतःखालचा पेपर काढला. सावकाश, एका हातानं, वाकड्या हाताचा टेकू देऊन तिनं त्याची चौपट घडी केली आणि मला दिली.

“ह्यो ठिव. फेकू नको.”

मग ती त्याच मागच्या सीटवर नीट टेकून बसली. पेपराशिवाय. “चल,” म्हणाली. “घरी घे. दुसरीकडं कुठं नको.”

गाडी आबांच्या दारावरून गेली तेव्हा ओवाळायचं ताट घेऊन त्यांची सून उभी होती. मी वेग कमी केला नाही. वस्तीत विहारासमोर गाडी उभी केली. बायको बाहेर आली, पुढची रिकामी सीट बघितली, मागं बसलेली माय बघितली, आणि तिनं मायला हात दिला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. माझ्या नावानं वर अर्ज गेला, मी गुरांकडं वेळेवर येत नाही म्हणून. खुलासा मागितला, दिला. आबांच्या गोठ्यात मी आजही जातो. गुरांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण आता बोलावणं दवाखान्यात येतं, वहीत लिहिलं जातं, मगच मी निघतो. तिथं गेल्यावर खुर्ची मागतो. पहिल्या वेळी त्यांनी दिली नाही. मी उभ्यानं तपासलं, औषध लिहिलं आणि परत आलो. दुसऱ्या वेळी पुन्हा मागितली. मागत राहणार आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगला शोरूममध्ये गेलो. एकटा. काचेच्या दारापाशी मान मागं वळायला लागली होती, ती मी धरून ठेवली. टायवाला पुढं आला, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं.

“आबासाहेब नाही आले? सोबत कोण आहे?”

“कुणी न्हाई. गाडी माझी हाये. त्या दिवशी मला ड्रायव्हर समजून तुम्ही सॉरी त्यांना म्हणाला होता. माझं राह्यलंय.”

तो गोंधळला. मग म्हणाला. नीट म्हणाला, माझ्याकडं बघून. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बरं वाटण्यासाठी मागितलंही नव्हतं. माझं होतं, म्हणून मागितलं.

माय अजून मागंच बसते. बायकोही तिच्या शेजारी. मी एकटा पुढं. वाटेत लोक बघतात, मागं दोन बायका ऐटीत, पुढं चष्मेवाला ड्रायव्हर. टायवाल्याचं शेवटी खरं झालं. मी मायला पुढं ये म्हणत नाही. मागितलेलं वेळेवर दिलं नाही, तर नंतर आग्रह करायचा हक्क राहत नाही, हे मला आता कळतं. पेपर घडी करून समोरच्या कप्प्यात आहे. गाडीच्या कागदपत्रांच्या वर.

शेजारची सीट रिकामी असते. गावातला कुणी मोठा माणूस रस्त्यात हात दाखवतो, गाडी थांबली की न विचारता पुढच्या दाराला हात घालतो. दार उघडत नाही. तो पुन्हा ओढतो. मग वाकून काचेतून माझ्याकडं बघतो.

मी मागच्या दाराकडं बोट करतो. मायला विचारा म्हणतो, तिनं आतून दार उघडलं अन् सरकली तर बसा.

या गाडीत बटणं पुष्कळ आहेत. अर्ध्यांचा उपयोग मला अजून कळलेला नाही. पण दारं आतून लावायचं बटण कुठलं, ते मी पुस्तक न वाचता शिकलो. त्याच्यावरचं बोट आता उचलणार नाही.